थेट ऑडिओ रूमची रचना : श्रोत्यापासून माइकपर्यंतची वाट

धागालेखक : कानसेन

थेट ऑडिओ रूम, म्हणजे काही जण माइकवर बोलतात आणि बाकीचे ऐकतात अशी ॲपवरची जागा. अशा रूमचे ॲप असलेले क्लबहाउस २०२० च्या पूर्वार्धात केवळ आयफोनवर आणि केवळ निमंत्रितांसाठी सुरू झाले. पुढच्या दीड वर्षात जवळजवळ प्रत्येक मोठ्या समाजमाध्यमाने तसेच काहीतरी काढले : ट्विटरचे स्पेसेस, डिस्कॉर्डचे स्टेज चॅनेल, फेसबुकच्या लाइव्ह ऑडिओ रूम्स, स्पॉटिफायचे ग्रीनरूम, रेडिटचे टॉक. यांपैकी अनेकांनी २०२३ पर्यंत गाशा गुंडाळला. तो का गुंडाळला, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला येथे रचनेविषयी बोलायचे आहे, कारण एखादी रूम रंगणार की विस्कटणार हे विषयाइतकेच पडद्यावरच्या चार-दोन बटणांवर ठरते, असे माझे बऱ्याच काळाचे निरीक्षण आहे.

या सगळ्या ॲपचा आराखडा ढोबळमानाने एकच आहे. वरच्या भागात वक्त्यांची छायाचित्रे असतात आणि जो बोलत असेल त्याच्या छायाचित्राभोवतीचे कडे उजळते. खालच्या भागात श्रोते असतात. क्लबहाउसने या दोहोंच्या मध्ये आणखी एक थर ठेवला होता, तो म्हणजे वक्ते ज्यांना फॉलो करतात अशा श्रोत्यांचा. वरवर पाहता ही निरुपद्रवी मांडणी वाटते. परंतु पुढे कोणाला बोलवावे हे ठरवताना मॉडरेटरची, म्हणजे रूम चालवणाऱ्याची, नजर आपोआप त्या मधल्या थरावर जाते, आणि ज्यांची आधीच ओळख आहे त्यांचीच वर्णी लागते. तळाशी असलेल्या माणसाला कोणीही हाकललेले नसते; तो फक्त दिसत नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रकाराचे मर्म एकाच ठिकाणी आहे : श्रोता वक्ता होतो तो क्षण. ती वाट जरा जवळून पाहू. श्रोता हात वर करण्याचे बटण दाबतो. मॉडरेटरला हात वर केलेल्यांची यादी दिसते. तो एक नाव निवडतो, त्या व्यक्तीच्या पडद्यावर आमंत्रणाची चौकट उमटते, ती व्यक्ती ते स्वीकारते आणि तिचे छायाचित्र वर सरकते. काही ॲपमध्ये माइक सुरू असतानाच माणूस व्यासपीठावर येतो आणि त्याच्या घरातला पंखा सर्वांना ऐकू येतो. काही ठिकाणी माइक बंद असतो, आणि मग तो माणूस अर्धे मिनिट बंद माइकवर तळमळीने बोलत राहतो. त्यानंतर ‘आवाज येतोय का?’ हा प्रश्न ठरलेलाच असतो. प्रत्येक नव्या वक्त्यामागे हे दहा-वीस सेकंद जातात, आणि दोनशे श्रोत्यांच्या रूममध्ये तेवढ्यात कित्येक जण निघून जातात. वर येण्यापूर्वीच ज्याला त्याला आपला आवाज तपासून पाहता यावा, म्हणजे आवाजाची पातळी दाखवणारी एक साधी पट्टी आमंत्रणाच्या चौकटीतच असावी, एवढी सोय सार्वजनिक रूममध्ये मला कुठे आढळलेली नाही. कार्यालयीन बैठकांच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ती केव्हाची आहे.

दुसरी अडचण रांगेची. हात वर केलेल्या माणसाला आपण रांगेत कितवे आहोत, रांग आहे की नाही, मॉडरेटरने आपला हात पाहिला की नाही, यांतले काहीच कळत नाही. टेलिग्रामने मार्च २०२१ मध्ये हात वर करण्याची सोय दिली तेव्हा सहभागींचा परिचयाचा मजकूरही यादीत दिसू लागला. त्यामुळे निदान कोण आहे याचा अंदाज येतो, पण त्याला काय विचारायचे आहे हे कळत नाही. हातासोबत एका ओळीचा प्रश्न लिहिता आला आणि ती रांग सर्वांना दिसू लागली, तर मॉडरेटरचा पक्षपात पूर्णपणे संपणार नाही, परंतु तो निदान उघड्यावर येईल.

तिसरा मुद्दा वक्त्यांच्या कमाल संख्येचा. स्पेसेसमध्ये सुरुवातीला होस्टखेरीज दहा वक्ते असत. ऑगस्ट २०२१ मध्ये दोन सहहोस्ट वाढून एकूण संख्या १३ झाली. फेसबुकने ५० वक्त्यांची मुभा दिली होती. लहान मर्यादा मला अधिक पसंत आहे, मात्र ज्याचे बोलून झाले तो आपसूक खाली गेला पाहिजे. तसे होत नाही. बोलून झालेले लोक संकोचाने किंवा मानापोटी वरच बसून राहतात, त्यांना खाली पाठवणे मॉडरेटरला अपमानास्पद वाटते, आणि दहापैकी सात जागा गप्प बसलेल्यांनी अडवलेल्या असतात. ‘इतकी मिनिटे माइक बंद असेल तर श्रोत्यांत परत’ असा नियम रूम उघडतानाच लावता आला, तर कोणालाच वाईटपणा घ्यावा लागणार नाही.

रूम चालवणाऱ्यांचे आणि तांत्रिक बाजू जाणणाऱ्यांचे मत वाचायला आवडेल.

सूत्रधार

आठवड्यातून एकदा भरणाऱ्या रूमचे मॉडरेशन मी अनेक महिने केले आहे, त्यामुळे धागालेखकाच्या रांगेच्या मुद्द्याला दुसरी बाजूही आहे, हे नमूद करतो. रांग उघडी असली की तिचा क्रम मोडणे हा गुन्हा ठरतो. प्रत्यक्षात चांगली चर्चा क्रमाने चालत नाही. दोन जणांनी एकाच मुद्द्यावर विरुद्ध मते मांडली असतील आणि रांगेत सातव्या क्रमांकावर त्या विषयातला जाणकार असेल, तर त्याला मधेच उचलून वर आणणे हेच मॉडरेटरचे कौशल्य आहे. रांग दिसावी हे मान्य; परंतु ती पाळण्याचे बंधन असू नये आणि क्रम बदलल्याची नोंद दिसावी, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देता येते.

मॉडरेटरच्या हाती प्रत्यक्षात काय असते, तेही सांगतो. तो कोणालाही म्यूट करू शकतो, वक्त्याला श्रोत्यांत पाठवू शकतो, रूमबाहेर काढू शकतो. तो दुसऱ्याचा माइक सुरू मात्र करू शकत नाही आणि ते योग्यच आहे, कारण परक्याच्या घरातला माइक दूरवरून उघडण्याचा अधिकार कोणालाच नसावा. यामुळे म्यूट हे हत्यार एकतर्फी होते : मी गप्प करू शकतो, बोलते करू शकत नाही. त्यातच दोन मॉडरेटर असले तर त्यांना आपापसांत बोलायला जागा लागते. क्लबहाउसमध्ये जुलै २०२१ पर्यंत खासगी संदेशांची सोयच नव्हती, त्यामुळे प्रत्येक रूममागे दुसऱ्या कुठल्यातरी ॲपवर मॉडरेटरांचा एक गट चालत असे आणि खरे निर्णय तिथे होत. श्रोत्यांना वाटायचे की मॉडरेटर ऐकत आहे, आणि तो टाइप करत असायचा.

लोकांनी स्वतः शोधलेल्या सोयींचा उल्लेख या विषयात व्हायलाच हवा. क्लबहाउसमध्ये सुरुवातीच्या काळात टाळ्यांचे बटण नव्हते, म्हणून वक्ते माइक भराभर बंद-चालू करत. छायाचित्रावरचे चिन्ह लुकलुकले की त्या टाळ्या. ही प्रथा इतकी रूढ झाली की नवख्यांना ती शिकवावी लागे. स्पेसेसने इमोजी आणले आणि ती सोय श्रोत्यांपर्यंत पोहोचली, हा मोठाच फरक होता, कारण लुकलुकणाऱ्या टाळ्या फक्त माइक असलेल्यांनाच वाजवता येत. समोर दोनशे जण आहेत आणि आपले बोलणे त्यांना पटते आहे, कंटाळवाणे वाटते आहे की ते झोपले आहेत, हे वक्त्याला कळण्याचा दुसरा मार्गच नसतो.

दुसरी प्रथा ‘रीसेट’ची. लोक मधूनच येतात. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी मॉडरेटर विषय, वक्त्यांची नावे आणि नियम पुन्हा सांगतो. जे सुरुवातीपासून बसले आहेत त्यांचा यात वेळ जातो. रूमच्या माथ्यावर चालू मुद्द्याची एक ओळ लिहिता आली आणि ती बदलता आली, तर निम्मे रीसेट वाचतील. स्पेसेसमध्ये ट्विट आणि क्लबहाउसमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून दुवे वर टाचून ठेवता येऊ लागले. आम्ही त्यांचा वापर याच कामासाठी करत होतो, पण मूळ हेतू तो नव्हता.

विलंबित

ध्वनिप्रक्षेपणाच्या तांत्रिक कामाशी माझा रोजचा संबंध असल्यामुळे एका वेगळ्या अंगाने लिहितो. धागालेखकाने श्रोता वक्ता होण्याच्या क्षणाला मर्म म्हटले आहे; तांत्रिकदृष्ट्याही नेमका तोच क्षण सर्वांत अवघड असतो, आणि त्याचे कारण विलंब हे आहे.

माणसे समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचे वाक्य संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांतील अंतर फार कमी असते. दहा भाषांतील संभाषणांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हे अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास आढळले. म्हणजे पुढचा माणूस आधीच्याचे वाक्य संपण्याची वाट पाहत नाही, ते संपत आल्याचा अंदाज घेऊन तयार असतो. आता या व्यवहारात एका बाजूने ३०० मिलिसेकंदांचा विलंब घाला. माझे वाक्य संपले हे तुम्हाला ३०० मिलिसेकंदांनी कळेल, तुम्ही लगेच सुरुवात केलीत तरी तुमचा आवाज माझ्यापर्यंत यायला आणखी ३०० लागतील. म्हणजे मला किमान ६०० मिलिसेकंदांची शांतता ऐकू येईल. एवढी शांतता मला ‘कोणी बोलत नाही’ अशी वाटते आणि मी पुढचे वाक्य सुरू करतो. मग दोघे एकमेकांवर आदळतात, दोघे थांबतात, दोघे ‘बोला, बोला’ म्हणतात. अशा वेळी लोक एकमेकांना उतावळे समजतात, पण दोष जाळ्याचा असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीत एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा असे म्हटले आहे ते याचसाठी.

हे साधण्यासाठी वक्त्यांचा आवाज साधारणपणे वेबआरटीसी या, थेट संभाषणासाठीच्या कमी विलंबाच्या पद्धतीने जातो. ओपस या कोडेकने, म्हणजे आवाज दाबून लहान करणाऱ्या पद्धतीने (२०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या), आवाजाचे बहुधा २० मिलिसेकंदांचे तुकडे केले जातात. सेकंदाला ३२ किलोबिट या दराने असा एक तुकडा ८० बाइटचा होतो, आणि त्याच्या पाकिटावरचा पत्ता-शिक्का आणखी ४० बाइटचा. तासाभराचा निव्वळ आवाज सुमारे १४ मेगाबाइट भरतो. सर्व्हर हे तुकडे उलगडून मिसळत बसत नाही, नुसते पुढे धाडतो, त्यामुळे विलंब वाढत नाही. उजळणारे कडेदेखील बरेचदा आवाज न उलगडताच दाखवता येते, कारण आवाजाची पातळी पाकिटाच्या शीर्षभागात वेगळी लिहिता येते.

हजारो श्रोत्यांना हीच पद्धत लावणे महाग पडते. म्हणून मोठ्या रूममध्ये अनेकदा सर्व वक्त्यांचा आवाज एकत्र करून काही सेकंदांच्या फायलींच्या रूपाने श्रोत्यांना पाठवतात, ज्या पद्धतीने थेट व्हिडिओ पाठवला जातो. श्रोत्याला गैरसोय जाणवत नाही, कारण त्याला उत्तर द्यायचे नसते. तो पाच-दहा सेकंद मागे असतो, एवढेच. पण तो वर आला की क्षणात भूतकाळातून वर्तमानात येतो. मधली पाच-दहा सेकंदे त्याने ऐकलेलीच नसतात. म्हणूनच नवा वक्ता अनेकदा ज्याचे उत्तर नुकतेच देऊन झाले आहे तोच प्रश्न विचारतो, आणि सगळे त्याला लक्ष नसलेला समजतात. श्रोत्यांचे इमोजीही याच कारणाने विनोद संपल्यावर काही सेकंदांनी येतात. यावर उपाय अवघड नाही : हात वर करताच, म्हणजे बोलावण्याच्या बरेच आधी, त्या श्रोत्याला जलद मार्गावर घ्यावे. त्याचा आवाज तपासण्याची पट्टीही तिथेच दाखवता येईल. खर्च वाढतो तो फक्त हात वर केलेल्यांपुरता.

मर्यादांविषयी एक नोंद. फेब्रुवारी २०२१ च्या सुरुवातीला इलॉन मस्क क्लबहाउसवर आले तेव्हा रूमची तत्कालीन ५,००० ची मर्यादा तत्काळ भरली आणि बाकीच्यांनी ते बोलणे अन्यत्र पुनःप्रक्षेपित करून ऐकले. २४ मे २०२३ रोजी रॉन डिसँटिस यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी स्पेसेसवर जाहीर करायची ठरवली, तेव्हा कडक मर्यादा नव्हती आणि यंत्रणाच कोलमडली. वीसएक मिनिटे आवाज तुटत, बंद पडत राहिला आणि शेवटी दुसऱ्या खात्यावरून नवी स्पेस उघडावी लागली. दार बंद करणारी रूम लोकांना चिडवते; पण आत असलेल्यांचे ऐकणे तरी ती वाचवते.

वाचनमात्र

वरील सर्व चर्चा बोलणाऱ्यांची, बोलू इच्छिणाऱ्यांची आणि त्यांना बोलू देणाऱ्यांची आहे. रूममधले बहुसंख्य लोक बोलायला आलेलेच नसतात. माझ्यासारख्यांसाठी सर्वांत महत्त्वाची रचना म्हणजे क्लबहाउसचे ‘शांतपणे निघा’ हे बटण. त्यातला सुज्ञपणा असा की दारावर कोणी निरोप मागत नाही, कोणाला सूचना जात नाही. त्याच ॲपने दुसऱ्या हाताने हे सारे काढून घेतले होते : मी कोणत्या रूममध्ये बसलो आहे, हे माझ्या ओळखीच्यांना दिसत असे आणि त्यांना तशा सूचनाही जात. आरोग्य, कर्ज किंवा नोकरी सोडण्याविषयीच्या रूममध्ये नुसते ऐकणे हीसुद्धा एक माहिती असते. मॉडरेटरला श्रोते दिसावेत याला माझी हरकत नाही. इतर श्रोत्यांना ते का दिसावेत, याचे गर्दी दाखवून गर्दी जमवण्याखेरीज दुसरे कारण मला आजवर समजलेले नाही.

कानसेन

@विलंबित, हात वर करताच जलद मार्गावर घेण्याची कल्पना फार आवडली. त्यामुळे हात वर करणे या कृतीलाच एक खरा अर्थ येतो.

@वाचनमात्र, थोडा मतभेद. श्रोते एकमेकांना अजिबात दिसले नाहीत तर ती रूम राहत नाही, नभोवाणी होते. एखाद्या अवघड विषयावर आपल्यासारखे आणखी शंभर जण ऐकत आहेत, हे कळल्यानेच अनेकांना हात वर करण्याचे धैर्य येते. संख्या दिसावी, नावे ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडावीत, असा मध्यम मार्ग मला मान्य होईल. सूचना पाठवण्याबाबत मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत.

ओळी

मला कमी ऐकू येते. अशा व्यक्तीने ऑडिओ रूममध्ये काय करावे, असा प्रश्न पडणाऱ्यांना सांगते की मी स्पेसेसमध्ये नियमित जात असे, कारण तिथे आरंभापासून थेट मथळे, म्हणजे बोललेले लगेच पडद्यावर अक्षरांत दाखवणाऱ्या ओळी, होत्या. त्यामागे एक इतिहास आहे. जून २०२० मध्ये ट्विटरने आवाजी ट्विट आणले ते मथळ्यांविनाच. त्यावर कर्णबधिर वापरकर्त्यांनी जोरदार टीका केली, कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली, आणि स्पेसेस बांधताना ती चूक टाळली गेली. क्लबहाउसने मात्र लाखो लोक आत घेतल्यावरही बराच काळ मथळे दिले नव्हते.

नियमांचा आधार येथे तोकडा पडतो. संकेतस्थळांच्या सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांत चित्रासह येणाऱ्या थेट आवाजाला मथळे देणे ‘एए’ पातळीवर आहे, जी बहुतेक संस्था पाळायचा प्रयत्न करतात. नुसत्या थेट आवाजासाठीचा पर्याय मात्र ‘एएए’ पातळीवर ठेवला आहे, जी क्वचितच कोणी गाठते. म्हणजे ज्या माध्यमात चित्राचा आधारच नाही, तिथे अक्षरांची सक्ती कमी. हे मला उलटे वाटते.

मथळ्यांच्या रचनेविषयी दोन गोष्टी. श्री. विलंबित यांनी लिहिले आहे की वक्त्यांचा आवाज सर्व्हरकडे वेगवेगळा येतो. तसे असेल तर कोणते वाक्य कोणाचे, हे यंत्राला ओळखावे लागत नाही, ते आधीच ठाऊक असते. तरीही काही ठिकाणी सगळ्यांची वाक्ये एकाच परिच्छेदात वाहत येतात. तीन जण वाद घालत असताना कोणाचे वाक्य कोणते, हे मला छायाचित्राभोवतीच्या कड्याकडे आणि मजकुराकडे आलटून पालटून पाहून जुळवावे लागते, आणि तोवर मजकूर वर निघून जातो. दुसरे म्हणजे, मला बोलता येते पण ऐकू कमी येते. इतर काहींचे याच्या उलट असते, तर काहींना दोन्ही अवघड. लिहून विचारलेला प्रश्न मॉडरेटरने वाचून दाखवणे, ही सोय उपकार म्हणून न मिळता माइकच्या बरोबरीने मिळायला हवी. कानसेन यांची हातासोबतच्या एका ओळीची सूचना म्हणूनच मला त्यांनी मांडली त्याहून मोठी वाटते. ती ओळ हाच सहभाग असू शकतो.

दस्तऐवज

रेकॉर्डिंगचा विषय अजून कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटले. रूममध्ये लोक मोकळे बोलतात, कारण बोललेले हवेत विरते अशी त्यांची समजूत असते. ती समजूत कधीच पूर्ण खरी नव्हती. क्लबहाउस रूम चालू असताना तात्पुरते रेकॉर्डिंग करत असे आणि त्या काळात कोणी तक्रार केली नाही तर रूम संपल्यावर ते पुसत असे. ट्विटरही तक्रारींच्या तपासासाठी स्पेसेसचा आवाज ३० दिवस ठेवत असे. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्टॅनफर्ड इंटरनेट ऑब्झर्व्हेटरीने दाखवून दिले की क्लबहाउसची ध्वनियंत्रणा अगोरा या कंपनीवर चालते आणि वापरकर्त्यांचे व रूमचे क्रमांक जाळ्यावरून उघड्या मजकुरात जातात. त्याच महिन्यात एका वापरकर्त्याने अनेक रूमचा आवाज बाहेरच्या संकेतस्थळावर थेट वाहून नेला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये क्लबहाउसने अधिकृत ‘रीप्ले’ दिले आणि हवेत विरण्याचा मूळ करारच ऐच्छिक झाला.

रेकॉर्डिंगला माझा विरोध नाही. तक्रार तपासायची असेल तर पुरावा लागतो. मजकुराचा असतो तसा आवाजाचा पुरावा मागे राहत नाही, आणि धमकी देणाऱ्यांना हे चांगले माहीत असते. माझी हरकत संमतीच्या रचनेला आहे. रेकॉर्डिंग चालू असल्याचे चिन्ह रूमच्या कोपऱ्यात असते, तर संमती ज्या क्षणी द्यायची तो क्षण असतो आमंत्रण स्वीकारण्याचा. तिथेच, त्याच चौकटीत, ‘हे जतन होणार आहे, आपला भाग नंतर वगळता येईल किंवा येणार नाही’ असे एक वाक्य हवे.

संपूर्ण कूटबद्धता, म्हणजे संभाषणातल्या लोकांखेरीज कोणालाही, अगदी कंपनीलाही, आवाज उलगडता येऊ नये अशी सोय, हा उपाय सार्वजनिक रूमना लागू पडत नाही, हेही सांगायला हवे. डिस्कॉर्डने सप्टेंबर २०२४ मध्ये आवाजी संभाषणांसाठी दोन्ही टोकांपर्यंतची कूटबद्धता जाहीर केली, तेव्हा स्टेज चॅनेल त्यातून वगळली. ते प्रामाणिक आहे : जिथे कोणीही येऊन ऐकू शकतो, तिथे गुप्ततेचे कुलूप कोणापासून लावणार?

खडूस

सर्वांचे प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत. तरीही मूळ गृहीतकच मला पटलेले नाही. रांग, पट्टी, मथळे, जलद मार्ग हे सगळे दिले असते तरी यातली बहुतेक ॲप बंदच पडली असती, कारण थेट आवाज माणसाकडून ठरावीक वेळ मागतो आणि तो वेळ साथीचा काळ संपल्यावर लोकांकडे उरला नाही. मजकूर चाळता येतो. दीड तासाच्या रूममधले कामाचे सहा मिनिटांचे बोलणे नेमके कुठे आहे, हे शोधता येत नाही. डिस्कॉर्डचे साधे आवाजी चॅनेल २०१५ पासून आजही चालू आहेत, आणि त्यांत व्यासपीठ नाही, हात वर करणे नाही, मॉडरेटरची मिजास नाही. ओळखीचे पाच जण येतात, दोघे बोलतात, तिघे आपापले काम करत ऐकतात. आवाजाला लागते ती लहान जागा. तुम्ही सगळे सभागृहाची दुरुस्ती करत आहात.

विलंबित

@खडूस, लहान जागेबद्दल सहमत. पण तिथेही रचना असतेच, ती डोळ्यांत भरत नाही एवढेच. डिस्कॉर्डमध्ये प्रत्येक वक्त्याचा आवाज मी माझ्यापुरता कमी-जास्त करू शकतो, कारण आवाज माझ्याकडे वेगवेगळे येतात. बटण दाबून धरले तरच माइक सुरू राहील अशी सोय आहे. पार्श्वभूमीचा गोंगाट गाळला जातो. कोणी बोलत नसताना पाकिटे जवळपास थांबतात, म्हणून चॅनेल दिवसभर उघडे ठेवणे परवडते. पाच जणांचा निवांतपणा या चार गोष्टींवर उभा आहे. त्या काढून घ्या, आणि अर्ध्या तासात कोणीतरी कोणालातरी ‘तुझा कीबोर्ड ऐकू येतोय’ म्हणून बाहेर घालवेल.

सूत्रधार

खडूस यांच्या म्हणण्यातला शोधण्याचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो सभागृह-दिवाणखाना या वादापलीकडचा आहे. येथे सुचवलेल्या गोष्टी एकत्र केल्या तर त्याचेही उत्तर अर्धेअधिक मिळते, असे मला वाटते. हात वर करताना लिहिलेली ओळ, ती व्यक्ती वर आल्याची वेळ आणि तिच्या नावाखालचे मथळे एकत्र जतन केले, तर रूम संपताच प्रश्नवार अनुक्रमणिका आपोआप तयार होईल. ज्याने संमती दिली नाही त्याचा भाग आणि त्याची ओळ, दोन्ही त्यातून गळतील. आम्ही हे काम हाताने करत असू : एक सहकारी मॉडरेटर रूमभर घड्याळाकडे पाहत कोणता प्रश्न कितव्या मिनिटाला आला ते लिहून काढत असे, आणि त्यामुळे त्याला स्वतःला एकदाही चर्चेत भाग घेता येत नसे.

@ओळी, लिहून आलेले प्रश्न वाचून दाखवण्याबद्दल : पुढच्या रूममध्ये आम्ही तीन बोललेल्या प्रश्नांमागे एक लिहिलेला प्रश्न असा क्रम ठेवणार आहोत. लिहिणाऱ्याचे उत्तराने समाधान झाले की नाही हे कळण्यासाठी उपप्रश्नही लिहूनच घ्यावा की त्यासाठी थोडा वेळ थांबावे, याबद्दल तुमचे मत हवे आहे, कारण टाइप होईपर्यंतची ती शांतता वक्त्यांना सहन होत नाही.

ओळी

थांबावे. आणि कोणीतरी टाइप करत आहे हे वक्त्यांच्या पडद्यावर दिसू द्यावे, म्हणजे ती शांतता कशाची आहे हे त्यांना कळेल.